खाकी कव्हराची वही

बाई पहिल्यांदा बोलल्या त्या माझ्याशी नाही, माझ्या पिशवीशी. मी बडोद्यात, समा भागातल्या एका सोसायटीच्या फाटकाशी उभी होते. पोळ्यांचं काम मिळतंय का ते बघायला आले होते, पण कोणाला विचारायचं आणि कसं, ते सुचत नव्हतं. पिशवी नवी होती. तिच्या बंदाला दुकानाची चिठ्ठी तशीच लोंबत होती. एक उंच बाई आल्या. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, मनगटावर पुरुषी घड्याळ. त्यांनी वाकून ती चिठ्ठी हातात घेतली, उलटी करून बघितली, तिचा वास घेतला.

"ही टाकणार असशील तर मला दे."

मी मान डोलावली. त्यांनी कमरेच्या बटव्यातून घडीची कात्री काढली आणि दोरा कापला.

"पिशवी कुठून घेतलीस?"

"पाणीगेट."

"आणि चाललीस कुठे?"

"काम बघायला. पोळ्यांचं."

"मऊ होतात?"

"होतात."

"मग उद्या आठला ये. दार वाजवू नकोस, उघडंच असतं."

दुसऱ्या दिवशी गेले तर टेबलावर एक जाडजूड वही उघडी पडली होती. तिच्यात माझ्या पिशवीची चिठ्ठी चिकटवलेली. खाली मोठ्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: "कुठून: पाणीगेट. कुठे: माझ्याकडे, पोळ्यांना."

मला हसू आलं आणि ते दाबायला मी कणीक मळायला घेतली.

बाई रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होत्या. सगळी नोकरी त्यांनी तिथेच काढली. आंब्याच्या पेट्या, सायकली, कापडाचे गठ्ठे, एकदा तर पिंजऱ्यात घातलेले मोर, सगळ्यांवर कुठून आणि कुठे ते लिहायचं, लेबल चिकटवायचं आणि पुढे सरकवायचं. निवृत्त झाल्यावर पहिला महिना त्या नुसत्या हिंचक्यावर बसून होत्या. मग म्हणे हाताला खाज सुटायला लागली. डॉक्टरने मलम दिलं. मलमाचं खोकं रिकामं झालं तेव्हा त्यांनी ते उलगडून सपाट केलं आणि एका जुन्या वहीत चिकटवलं. खाज गेली. ती त्यांची पहिली चिकटवही.

"आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालाला लेबलं लावली," त्या म्हणायच्या. "आता माझा माल."

माल म्हणजे काहीही. पतंगाच्या कागदाचा तुकडा, मोसंबीवरचा गोल स्टिकर, औषधाची चिठ्ठी, दुधाच्या पिशवीचा कोपरा, तुटलेल्या चपलेचा अंगठा. फोटो त्यांना फारसे आवडत नसत. "फोटो काढताना माणूस तयारी करतो. मोसंबी तयारी करत नाही." एखादा फोटो चिकटवलाच तर हसणारा नको. हसताना सगळे सारखेच दिसतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या धाकट्या वहिनींचा एक फोटो वहीत होता. खाली पत्ता नव्हता, फक्त "नाजूक माल, आदळू नये" एवढंच लिहिलं होतं. त्या वहिनी एकदा आल्या, ते पान बघितलं आणि जेवायच्या आधीच निघून गेल्या. बाईंनी त्यांच्या रिक्षाच्या भाड्याची चिठ्ठी मागून घेतली.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. मी कधी विचारलं नसतं, पण शेजारची एक बाई माझ्यादेखत विचारून बसली. बाई म्हणाल्या, "पार्सल आलं होतं. पत्ता चुकीचा होता. परत पाठवलं."

बाजारातला डिंक त्यांना चालत नसे. खळ घरी करायच्या. मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर शिजवायचा, वरून चिमूटभर मोरचूद, म्हणजे कागदाला कसर लागत नाही. खळीचं पातेलं वेगळं होतं आणि त्याला त्यांनी लाल फडकं बांधलं होतं. परदेशात राहणारी त्यांची भाची एकदा सुट्टीत आली. तिने फडकं सोडून "वा, मावशी, खीर!" म्हणत बोट बुडवलं. बाईंनी ते बोट तोंडात जायच्या आधी मनगटापासून धरलं आणि सरळ नळाखाली नेलं. "लेबल वाचायची सवय नाही तुम्हा लोकांना," एवढंच म्हणाल्या.

त्याच भाचीने परत गेल्यावर एक मोठं खोकं पाठवलं. रंगीत कागद, फुलांच्या पट्ट्या, सोनेरी इंग्रजी अक्षरं, चिकट मोती. तिकडे म्हणे याचा मोठा छंद असतो, लोक हजारांनी खर्च करतात. बाईंनी प्रत्येक वस्तू चष्म्याजवळ नेऊन बघितली. मग "स्वीट मेमरीज" असं लिहिलेलं सोनेरी स्टिकर कारल्याच्या बियांच्या रिकाम्या पाकिटावर लावलं, आणि खोक्यात लसूण ठेवायला सुरुवात केली.

मला त्यांनी या नादाला लावलं ते कामाला लागल्यावर वर्षभराने. मी पोळ्या लाटत होते, त्या ओट्याशेजारी स्टुलावर बसल्या होत्या.

"तू घरी गेल्यावर काय करतेस?"

"स्वयंपाक."

"इथे काय करतेस?"

"स्वयंपाक."

"मधे?"

"चालते."

त्या उठल्या आणि एक कोरी ड्रॉइंगची वही घेऊन आल्या. मी म्हटलं, बाई, माझ्याकडे चिकटवायला काही नाही. खरंच नव्हतं. लग्न होऊन जळगावकडून आले तेव्हा एक पत्र्याची पेटी होती, तिच्यातही भांडीच. नवरा कारखान्यात फिटर. त्याच्या खिशात निघाले तर नटबोल्ट निघतात.

"पाच घरं आहेत तुझ्याकडे," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे एकच आहे."

पाच घरं म्हणजे मी जिथे पोळ्या करते ती. बाईंचं एक आणि त्याच सोसायटीतली आणखी चार.

वही घरी नेली आणि आठ दिवस पेटीवर ठेवली. बाईंनी विचारलं, सुरू केलीस का? मी म्हटलं, काहीतरी चांगलं मिळालं की करते. त्यावर त्या रागावल्याच. "पहिलं पान चांगल्या गोष्टीसाठी राखून ठेवलंस तर वही कधीच सुरू होणार नाही. पहिल्या पानावर फालतू काहीतरी चिकटव. म्हणजे पुढच्या पानांची भीती जाते." मी भांड्याच्या साबणाचं वेष्टण चिकटवलं. खळ जास्त झाली, गुठळ्या राहिल्या, पान फुगून तळलेल्या पापडासारखं झालं. बाईंनी बघून मान हलवली. "पोळीला तेल लावतेस ना? दिसायला नको, पण सगळीकडे असायला हवं. तशी लाव. आणि चिकटवल्यावर तांदळाच्या डब्याखाली दाबून ठेव. घाई केलीस तर कागद रुसतो."

दुसरं पान सपाट आलं. मला इतका आनंद झाला की नवऱ्याला उठवून दाखवलं. तो म्हणाला, छान आहे, काय आहे? मी म्हटलं, चहाच्या पाकिटाचा कोपरा. तो पुन्हा झोपला.

मग मात्र माझं मागे वळून बघणं संपलं. घराघरांतून जे कचऱ्यात जायचं त्यातलं एखादं मी उचलायची. विचारून उचलायची, पण इतक्या हळू विचारायची की ऐकू कोणालाच जायचं नाही. खाली बाईंसारखं "कुठून, कुठे" लिहायची. शाळा चौथीपर्यंतच झाली. अक्षर बारीक आहे आणि ओळ सोडून खाली उतरतं, पण येतं. हळूहळू दोन शब्दांची दोन वाक्यं झाली, दोनाची चार. मी कोणाच्या घरी बोलत नाही. 'हो', 'आणते', 'झालं', एवढ्यात माझा दिवस निघतो. जे बोलले नाही ते सगळं वहीत जायला लागलं. 'मी' लिहायला लाज वाटायची, म्हणून वहीत स्वतःला 'पोळीवाली' म्हणायची.

आठ नंबरच्या मॅडम कॉलेजात शिकवतात. त्यांच्या चहाच्या पाकिटाखाली मी लिहिलं होतं: "आज मॅडम फोनवर सांगत होत्या की मी सगळा स्वयंपाक स्वतःच करते. तेव्हा पोळीवाली त्यांच्याच ओट्याशी पोळ्या करत होती. लाटण्याचा आवाज फोनमध्ये जाऊ नये म्हणून हळू लाटल्या."

अकरा नंबरच्या वहिनी मराठी आहेत, त्यांच्या सासऱ्यांचे आजोबा संस्थानच्या फौजेत होते आणि ते त्या दर सणाला सांगतात. त्यांच्याकडच्या साडीच्या दुकानाच्या चिठ्ठीखाली होतं: "कुठून: अलकापुरी. कुठे: पिठाच्या डब्यामागे. साहेब पीठ कधी काढत नाहीत."

आणि पाच नंबरच्या भाभी. त्या गुजराती, तीस वर्षं बाईंच्या शेजारी. तुपाच्या डब्यावरच्या कागदाखाली मी लिहिलं होतं: "कुठून: डेअरी. कुठे: डाळींच्या मागे. भाभी तीन महिने झाले पोळीवालीला सांगतात की घी संपलं आहे, रोटली कोरी ठेव. डबा भरलेला आहे. नऊ वर्षं त्यांच्या घरात हात आहे तिचा, पण चमचाभर तुपाचा भरवसा नाही." हे लिहिताना मला वाईट वाटलं होतं. बाकीचं गमतीने लिहिलं होतं, हे नाही.

वही फक्त बाईंनी वाचली होती. वाचताना त्या इतक्या हसल्या की हिंचका थांबवावा लागला. डोळे पुसत म्हणाल्या, "तू बोलत नाहीस तेच बरं आहे गं. बोलली असतीस तर या सोसायटीत कोणी कोणाशी बोललं नसतं." मग त्यांनी वहीला खाकी कव्हर घालून दिलं, अगदी आपल्या वह्यांसारखं. वर नाव नाही, आकडा नाही. हा पार्सल ऑफिसातला त्यांचा नियम. "आत काय आहे ते बाहेर लिहिलं की माल फुटतो." त्यांच्या कपाटात अशा बिननावाच्या खाकी वह्यांची चळत होती. कोणती कुठली ते त्या हातात घेऊन वजनावरून ओळखायच्या, निदान त्यांचं म्हणणं तसं होतं.

माझी वही मी त्यांच्याकडेच ठेवत असे. आमच्या खोलीत उंदीर आहेत.

दर पंधरा ऑगस्टला सोसायटीच्या कॉमन प्लॉटमध्ये झेंडावंदन होतं आणि मग फाफडा-जिलेबी. त्या वर्षी कमिटीने ठरवलं की प्रत्येकाने आपला छंद मांडायचा. कोणी भरतकाम आणलं, कोणी बोन्साय. बाईंनीही एक वही दिली. सकाळी घाईत कपाटातून काढली, हातात तोलली, "हीच," म्हणाल्या आणि टेबलावर ठेवून झेंड्याकडे गेल्या.

मी चहाचे कप घेऊन जात होते. टेबलाभोवती बायकांचा घोळका होता आणि मधे अकरा नंबरच्या वहिनी मोठ्याने काहीतरी वाचून बाकीच्यांना गुजरातीत समजावून सांगत होत्या. सगळ्या पोट धरून हसत होत्या. मला एक वाक्य ऐकू आलं. लाटण्याचा आवाज फोनमध्ये जाऊ नये म्हणून.

माझे पाय तिथेच थांबले. आठ नंबरच्या मॅडम हसत नव्हत्या. त्यांनी जिलेबी परत ताटलीत ठेवली.

मला एकच दिसत होतं. चार घरं गेली. चार घरं गेली म्हणजे मुलीची शाळा गेली, खोलीचं भाडं गेलं, आणि मी कचऱ्यातून कागद उचलून लोकांची उणीदुणी लिहिणारी बाई म्हणून समापासून अलकापुरीपर्यंत माझं नाव झालं. पुढे जाऊन वही ओढून घ्यावी एवढंच करायचं होतं. मला ते जमेना. हातात ट्रे होता, हे एक कारण. ट्रे नसता तरी जमलं नसतं.

वहिनींनी पान उलटलं. तूप आलं. त्यांनी ते अर्धं वाचलं आणि गुजरातीत सांगायच्या आधीच पाच नंबरच्या भाभींना कळलं. मराठी त्यांना समजतं, इथे सगळ्यांनाच थोडंथोडं समजतं. त्यांनी नुसता पदर खांद्यावर घेतला. बाकीच्या मात्र हसल्या, आणि हसण्याच्या भरात वहिनींनी पुढचं पान वाचायला घेतलं: "कुठून: अलकापुरी. कुठे: पिठाच्या..."

त्या थांबल्या. पण त्यांचे साहेब मागेच फाफड्याची ताटली घेऊन उभे होते.

"पिठाच्या डब्यामागे?" साहेब म्हणाले. "म्हणजे आपल्या?"

एकीने वही मिटली, दुसरीने उघडली. "कोनी छे आ?" कोणाची आहे ही, असं तीन-चार जणींनी एकदम विचारलं. माझ्या ट्रेमधले कप किणकिणायला लागले.

तेवढ्यात बाई आल्या. त्यांनी वही बघितली, मला बघितलं, कपांकडे बघितलं. सगळं त्यांना एका क्षणात कळलं असणार.

"माझी आहे," त्या म्हणाल्या. "मी ठेवली, माझीच असणार."

"तुम्ही लिहिलंय हे?" मॅडमनी विचारलं.

"मग काय मोसंबीने लिहिलं?"

"तुम्हाला काय माहीत आमच्या पिठाच्या डब्यामागे काय आहे?" वहिनी म्हणाल्या.

"उभा जन्म पार्सलं बघण्यात गेला, वहिनी. बाहेरून बघितलं की आत काय आहे ते कळतं." मग त्यांनी वही उचलून काखेत घेतली आणि मला म्हणाल्या, "उभी काय राहिलीस? चहा निवतोय."

मी चहा दिला. सगळ्यांनी माझ्या हातून घेतला. कोणी माझ्याकडे बघितलंही नाही.

माझी घरं राहिली. बाईंची गेली.

म्हणजे भांडण कोणी केलं नाही. या सोसायटीत भांडत नाहीत, वाटी पाठवायची बंद करतात. इथे एका घरात शाक, म्हणजे भाजी, चांगलं झालं की वाटीभर शेजारी जातं आणि वाटी कधी रिकामी परत येत नाही. बाईंकडे वाट्या येणं थांबलं. दिवाळीत फराळाची ताटं त्यांच्या दारावरून पुढे गेली. नोटीस बोर्डावरच्या सूचना इतकी वर्षं बाई लिहायच्या, त्या आता छापून यायला लागल्या.

"बरं झालं," बाई म्हणाल्या. "साखर वाढली होती."

मी म्हटलं, "मी सांगते सगळ्यांना, माझी आहे म्हणून."

"खबरदार. माझी पेन्शन आहे. तुझी आहे का?"

विषय त्यांनी तिथे संपवला. पण मी रोज त्या घरात होते, मला दिसत होतं. बाईंच्या वह्या शेजाऱ्यांवर चालत होत्या. कोणाचं गावाहून आलेलं मिठाईचं खोकं, कोणाचं विमानाचं तिकीट, सगळं आपसूक त्यांच्याकडे यायचं. आता येत नव्हतं. त्या दुधाच्या पिशवीचा तोच तो कोपरा पानामागून पान चिकटवत होत्या. खाली लिहायच्या, "कुठून: दूध. कुठे: चहा."

मग डिसेंबरात पाच नंबरच्या भाभींच्या मुलीचं लग्न ठरलं.

कंकोत्री, म्हणजे लग्नाची पत्रिका, हा बाईंचा सगळ्यात लाडका माल. एक अख्खी वही कंकोत्र्यांची होती. अंगठ्याने कागद चोळून त्या जाडी सांगायच्या, गणपतीची सोंड कुठे वळली ते बघायच्या. आणि ही मुलगी तर त्यांच्या ओट्यावर खेळून मोठी झालेली. ज्या दिवशी भाभी आणि त्यांचे साहेब कंकोत्र्या वाटायला निघाले, त्या दिवशी बाई सकाळपासून फाटकाशी तुळशीला पाणी घालत होत्या. मी पोळ्या संपवून बाहेर आले तरी घालतच होत्या. कुंडीतून पाणी वाहून रस्त्यापर्यंत गेलं होतं. भाभी चार नंबरातून निघाल्या आणि सरळ सात नंबरात गेल्या. सहा नंबर बाईंचा.

बाईंनी झारी खाली ठेवली. "तुळस जास्त पाण्याने कुजते," असं मला म्हणाल्या, जणू मीच पाणी घालत होते.

दुसऱ्या दिवशी भाभींकडे मी रोटल्या करत होते. भाभी मागे डबे पुसत होत्या. मी तव्याकडे तोंड करून बोलले. तोंड वळवलं असतं तर बोलता आलं नसतं.

"भाभी, ती वही माझी होती. तुपाचं मी लिहिलं होतं. बाईंनी नाही."

मागे डबा पुसायचा आवाज थांबला. तव्यावरची रोटली करपली, मला ती उलटायचं भान राहिलं नाही.

"मने खबर छे," भाभी म्हणाल्या.

म्हणजे त्यांना माहीत होतं. मी वळले.

"बाईंचं अक्षर मी तीस वर्षं बोर्डवर बघते," त्या त्यांच्या गुजराती मराठीत म्हणाल्या. "एवढं मोठं. आणि ते वहीतलं, मुंगीसारखं. तेव्हाच समजले."

"मग बाईंना का..."

"कारण तिने वाचलेलं होतं ना! आधी वाचलं, हसली पण असेल. मला एकदा तरी यायला पाहिजे होतं तिने. शेजारीण आहे. सांगायला पाहिजे होतं, भाभी, तुझी रोटलीवाली बेन दुखावली आहे, जरा बघ. नाही सांगितलं. वरून माझ्या तोंडावर खोटं बोलली."

मग त्या स्टुलावर चढल्या, डाळींचे डबे सारले आणि तुपाचा डबा काढून माझ्यासमोर आपटला. "तने एम लाग्युं के हुं ताराथी संताडुं छुं? तुझ्यापासून लपवते असं वाटलं तुला?"

मी हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"साहेबांना डॉक्टरने घी बंद केलं आहे. ते रोज माझ्या मागे किचनमध्ये येऊन तुलाच विचारतात की नाही, घी आहे का?"

विचारायचे. रोज विचारायचे. मी म्हणायची, संपलंय, साहेब.

"तुला खोटं बोलता येतं का?"

मी मान हलवली. नाही येत.

"म्हणून तुला सांगितलं नाही. खरं वाटलं तरच खरं बोलशील ना!"

नऊ वर्षांत मी त्या घरात कधी रडले नव्हते आणि हसलेही नव्हते. त्या दिवशी दोन्ही एकदम झालं आणि भाभींचंही तसंच काहीतरी झालं. करपलेल्या रोटलीचा धूर घरभर झाला. काय झालं म्हणून साहेब बाहेरून ओरडले, "शुं थयुं?" आम्ही दोघींनी मिळून तुपाचा डबा डाळींच्या मागे ढकलला.

मग भाभींनी टेबलावरून एक कंकोत्री घेतली. लाल मखमली, जाड. पाकिटावर पेनाने बाईंचं नाव लिहिलं. पेन उचललं, माझ्याकडे बघितलं. "तारुं नाम शुं? पूरुं नाम."

नऊ वर्षं मी 'बेन' होते. मी नाव सांगितलं. त्यांनी ते बाईंच्या नावाखाली लिहिलं, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. "दोघींनी यायचं. आणि तिला सांग, मी वाट बघणार आहे. तिने पहिल्या रांगेत बसायचं आणि माझ्याशी भांडायचं."

मी बाईंकडे पळत गेले नाही, पण माझ्या चालीच्या मानाने पळालेच. त्या हिंचक्यावर होत्या. मी पाकीट पुढे केलं. त्यांनी ते बघितलं आणि बराच वेळ हातच लावला नाही. मग घेतलं, अंगठ्याने चोळलं, वास घेतला.

"काय म्हणाली?"

"वाट बघणार आहेत. भांडायचं आहे म्हणाल्या."

"भांडू दे," बाई म्हणाल्या आणि चष्मा काढून पदराने पुसला. खूप वेळ पुसला. मग कंकोत्री उलगडून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचली. मांडवाची वेळ, जेवणाची वेळ, मामांची नावं, सगळं. वाचून झाल्यावर खळीचं पातेलं आणायला उठल्या.

"द्या इकडे," मी म्हटलं.

"का?"

"मला हवी आहे. माझ्या वहीत."

"तुझ्या? पत्ता माझ्या घराचा, वरचं नाव माझं."

"खालचं माझं आहे."

बाई थांबल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना कशालाच नाही म्हटलं नव्हतं. त्यांच्या खारट झालेल्या आमटीलाही नाही. त्यांनी डोळे बारीक केले.

"नीट ऐकू आलं नाही मला."

आलं होतं. त्यांचे कान तिखट आहेत.

"खालचं नाव माझं आहे, बाई. कंकोत्रीवर पहिल्यांदाच आलंय. ही मी नेणार." हे मी इतक्या मोठ्याने म्हटलं की सात नंबरच्यांनी खिडकीचा पडदा सारून बघितलं.

बाईंनी कंकोत्री माझ्या हातात दिली. तोंड वाकडं केलं होतं, पण ते दाखवायला.

"ने. पण आतला गणपतीचा कागद सुटा आहे, तो माझा."

बाई आता बडोद्यात नाहीत, परदेशातली भाची पुण्याला परत आली, तिने त्यांना तिकडे नेलं. सहा नंबरात दुसरे लोक आले आहेत, त्यांच्याकडेही मीच पोळ्या करते. त्यांनी पहिल्याच दिवशी मला नाव विचारलं. मी सांगितलं, आणि त्यांना नीट ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा एकदा सांगितलं.